चावी फिरते, पण गाडी सुरू होत नाही



आज आपण गाडीच्या चावीमागे दडलेल्या एका छोट्या भागाबद्दल बोलू. हल्ली बऱ्याच गटांकडे गाड्या आल्या आहेत. कुणी भाजीसाठी टेम्पो घेतला, कुणी पापड-मसाले पोचवायला जुनी व्हॅन. आमच्या गटाकडेही सेकंडहँड व्हॅन आहे आणि तिचा हप्ता दर महिन्याच्या दहा तारखेला जातो. गाडी उभी राहिली म्हणून हप्ता थांबत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

गेल्या पावसाळ्यापासून ही व्हॅन त्रास देत होती. चावी फिरवली की कधी लगेच सुरू व्हायची, कधी नुसतीच गप्प. चावी जरा हलवली की पुन्हा दिवे लागायचे. मग एकदा घाटाच्या चढावर चालता चालता समोरचे सगळे दिवे गेले आणि इंजिन बंद पडलं. मागे पापडाची खोकी, शेजारी गटातल्या दोघी. आमच्या ड्रायव्हरताईने ब्रेकवर पाय घट्ट दाबून ठेवला, हँडब्रेक ओढला, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, आणि एकीला उतरून चाकामागे दगड लावायला सांगितलं. कुणाला काही झालं नाही. पण गावात चर्चा काय झाली? बाईच्या हातात गाडी, म्हणून बिघडते!

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं तर ब्रेक एकदाच, जोर लावून दाबायचा आणि दाबूनच ठेवायचा. ब्रेकला मदत करणारा साठा दोनेक वेळाच पुरतो. पाय सारखा वरखाली केला तर पुढे ब्रेक फार जड होतो. पॉवर स्टेअरिंग असेल तर तेही जड होतं, पण वळतं. आणि गाडी थांबेपर्यंत चावी काढायची नाही, नाहीतर स्टेअरिंग लॉक होईल.

तालुक्याच्या एका गॅरेजने सांगितलं, सगळा लॉक-सेट बदला, साडेपाच हजार होतील. आम्ही बैठकीत विषय घेतला. आमच्यातल्या एकीचा भाऊ गाड्यांचं वायरिंग करतो. तो म्हणाला, "ताई, चावी सहज आत जाते ना? अडकल्याशिवाय फिरते ना? मग कुलूप चांगलं आहे. गेलाय तो मागचा स्विच."

हा फरक समजून घेतला की निम्मं काम झालं. चावी जिथे घालतो ते कुलूप, धातूचं. त्याच्या पाठीमागे प्लॅस्टिकचा एक डबीसारखा भाग असतो, तो इग्निशन स्विच. चावी फिरली की कुलपाची जीभ या डबीतला खटका फिरवते, आणि आतल्या तांब्याच्या पट्ट्या एकमेकींना टेकून करंट पुढे सोडतात. पट्ट्या झिजल्या, जळाल्या, की चावी फिरते पण करंट जात नाही. चावीच अडकत असेल तर मात्र दोष कुलपाचा. ते बहुतेक गाड्यांत डोकं तोडलेल्या बोल्टनी बसवलेलं असतं, चोराला निघू नये म्हणून. त्याच्या वाटेला घरी जाऊ नका.

आणि हो, आधी बॅटरी बघा. टर्मिनल सैल असेल, पांढरी बुरशी धरली असेल, तरी लक्षणं थोडीफार अशीच दिसतात. आमची टर्मिनलं घट्ट होती.

काम ड्रायव्हरताईने केलं, तो भाऊ शेजारी उभा राहून सांगत होता. सुरुवातीला तोही म्हणाला, "ताई, चटका बसेल." ताई म्हणाली, "दादा, वायर काढल्यावर कसला चटका?" आणि खरोखर पहिलं काम तेच. आधी चावीने स्टेअरिंगचं लॉक सोडवून घ्यायचं, मग दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह, म्हणजे काळी वायर काढायची आणि पुन्हा टेकणार नाही अशी बाजूला बांधून ठेवायची.

आमच्या व्हॅनला एअरबॅग नाही. तुमच्या गाडीला असू शकते. १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांत ड्रायव्हरपुढे एअरबॅग सक्तीची आहे. तशी गाडी असेल तर हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. पिवळ्या वायरींना हात लावायचा नाही.

स्टेअरिंगच्या दांड्याभोवती प्लॅस्टिकचं कव्हर असतं, वरचं आणि खालचं अशी दोन शकलं. स्क्रू बहुधा खालून असतात, म्हणून सीट मागे सरकवून, मान वाकवून, बॅटरी लावून बघावं लागतं. काही गाड्यांत एक-दोन स्क्रू स्टेअरिंगच्या मागे लपतात; चाक थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे फिरवलं की दिसतात. स्क्रू सगळे सारख्या लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड जागी घातला की प्लॅस्टिक तडकतं. ताईने एका पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढलं आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी खुपसून ठेवला. शिवणकामात पिना ठेवतो तसं.

स्क्रू निघाले तरी कव्हर लगेच सुटत नाही, कारण दोन्ही शकलं खाचांनी एकमेकांत अडकलेली असतात. इथे पुरुष मंडळी स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटतात आणि कान तोडतात. आम्ही जुना प्लॅस्टिकचा उलथना वापरला. फटीत घातला, हळूहळू फिरवत नेला, टक-टक करत कव्हर सुटलं. अजूनही न सुटेल तर जोर करू नका, एखादा स्क्रू राहिलेला असतो.

आत दिसला स्विच. वायरी काढायच्या आधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो घेतले. जोडणीची कडी दाबून प्लॅस्टिकला धरून ओढायचं, वायरीला धरून नाही. जोडणीचं एक घर तपकिरी झालेलं, वितळलेलं होतं. भाऊ म्हणाला, याला नुसता नवा स्विच लावाल तर तोही जाईल. शोधलं तर आधीच्या मालकाने जादा दिवे थेट या स्विचच्या वायरीवरून घेतलेले. तो सगळा भार डबीतल्या पट्ट्यांवर. दिव्यांना वेगळा रिले आणि फ्यूज लावला, जळकी जोडणी बदलली.

नवा स्विच दोन बारीक स्क्रूंवर बसला. बसवताना चावी बंदच्या खुणेवर ठेवायची आणि स्विचमधली खाच जुन्यासारखीच वळवून घ्यायची, म्हणजे जीभ बरोबर खाचेत जाते. कव्हर लावण्याआधी बॅटरी जोडून सगळं तपासलं. सेल मारून हात सोडला की चावी आपोआप मागे येते का? स्टेअरिंगचं लॉक लागतं का, सुटतं का? चाक पूर्ण फिरवताना वायर कुठे चिमटत नाही ना? मगच कव्हर. स्विच साडेसहाशेचा, रिले आणि जोडणी मिळून बाराशेच्या आत काम झालं. भावाला मजुरी द्यायचा आम्ही आग्रह धरला. नात्यातला असला तरी वहीत खर्च दिसायला हवा.

स्विच स्वस्तातला घ्यावा का, असं एकीने विचारलं. तिला आम्ही अमेरिकेची गोष्ट सांगितली. जनरल मोटर्सने २०१४ साली सुमारे २६ लाख गाड्या याच भागापायी परत बोलावल्या. स्विचमधला खटका इतका हलका होता की चावीचा जुडगा जड असला किंवा गुडघा लागला तरी चावी मागे सरकायची. इंजिन बंद, आणि धडकेच्या वेळी एअरबॅगही उघडायची नाही. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मंजूर केले. कंपनीने मधे आतला भाग सुधारला होता, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला, त्यामुळे जुना कुठला आणि नवा कुठला हे बाहेरून कळेना. एका खटल्यासाठी अभियंत्याने दोन्ही उघडून पाहिले, तेव्हा फरक उघड झाला.

म्हणून आम्ही स्विच पक्क्या बिलावर घेतला आणि बिल गटाच्या फाइलला लावलं. व्हॅनच्या चावीला गोदामाच्या, कपाटाच्या आणि गिरणीच्या मिळून सात चाव्या लटकत होत्या, शिवाय पितळी घुंगरू. ते सगळं काढलं. आता चावी एकटी असते. घुंगरू ड्रायव्हरताईने आरशाला बांधलंय.

जुना स्विच, जळकी जोडणी आणि तो स्क्रूंचा पुठ्ठा आम्ही गटाच्या पेटीत ठेवला आहे. ज्या गटांकडे गाडी आहे त्यांनी शनिवारच्या बैठकीला ड्रायव्हरसह यावं. स्विच उघडून दाखवू, आणि कव्हर काढायचं असेल तर उलथना तुमचा आणा.