पहिला रकाना वाचा
(युवक मेळाव्यातील भाषण)



कुणी म्हणतं, दलित टॅक्स भरत नाही. साफ खोटं! साबणाची वडी घेतली, चपला घेतल्या, मोबाईलचा रिचार्ज मारला, की भरला टॅक्स. त्या वडीवर शेठजीला जेवढा टॅक्स, तेवढाच हमालाला. शेठजीला तो कळत बी नाही, हमालाच्या मजुरीला मात्र भोक पडतं.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याचे दर बजेटात ठरत नाहीत. ते ठरतात जीएसटी कौन्सिलात. तिथं ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात आणि एकट्या केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश. म्हणजे केंद्र नाही म्हणालं की ठराव बुडाला. कंपन्यांचं बघा. २०१९ चं बजेट जुलैत झालं आणि सप्टेंबरात वटहुकूम काढून, सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा मूळ कर २२ टक्क्यांवर आणला. म्हणून म्हणतो, नुसतं १ फेब्रुवारीला टीव्हीपुढं बसून भागत नाही.

संविधानाचं कलम २६५ सांगतं, कायद्याशिवाय कर नाही. खर्चालाही लोकसभेची मंजुरी लागते. प्रत्येक खात्याची मागणी तिथं मताला टाकायची असते. वेळ संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकदम मंजूर. याला म्हणतात गिलोटिन, म्हणजे मान उडवायचं यंत्र! २०२३ साली तर सगळ्याच मागण्या अशा गेल्या.

आता कागद उघडा. त्यात चार रकाने असतात. पहिला, दोन वर्षांमागे खरोखर झालेला खर्च. दुसरा, चालू सालाचा अंदाज. तिसरा, तोच सुधारलेला. चौथा, येत्या सालाचा वायदा. मंत्री भाषणात चौथा वाचतो, टाळ्या त्यालाच पडतात. गोदीत आम्ही असं करत नाही. जहाजाच्या कागदावर किती नग लिहिलेत ते राहू द्या, धक्क्यावर किती उतरले ते मोजतो.

आपल्या वाट्याचंही तसंच मोजा. १९७९-८० पासून विशेष घटक योजना आली. तत्त्व साधं: लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा. २०११ च्या जनगणनेत देशात आपण १६.६ टक्के. बजेटात विवरण १०-ए आपल्या नावाचं आहे. पण त्यात पीएम-किसानसारख्या जमीनवाल्यांच्या योजनेतला वाटाही मोजला जातो. आणि गावातल्या आपल्या किती लोकांकडं जमीन आहे? वस्तीत नळ नाही, होस्टेलला छप्पर नाही, पण कागदावर पैसा आपल्या नावावर!

आंध्र आणि कर्नाटकनं २०१३ साली या पैशासाठी कायदे केले. ते लोकांनी मागितले म्हणून झाले.

बाबासाहेबांनी १९२५ साली सरकारी जमाखर्चावर ग्रंथ छापला. त्यांची लेकरं आकड्यांना भ्यायली तर कसं चालेल? प्रत्येक छावणीत एक पोरगा, एक पोरगी हा कागद वाचायला बसवा. पहिला आणि चौथा रकाना शेजारी ठेवा. जो फरक निघेल तो फळ्यावर लिहा, खासदाराच्या दारावर चिकटवा. आणि विचारा: आमचा पैसा कुठाय?

जयभीम!