कोरंडर्कच्या जमिनीवरचे प्राणी
(नभोवाणीवरील भाषण)



मेलबर्नला लेकीकडे नाही तर मुलाकडे जाऊन आलेली मंडळी आता आपल्याकडे गल्लोगल्ली भेटतात. त्यांच्या फोटोंत एक कांगारू हमखास असतो, आणि पुष्कळदा तो हील्सव्हिलचा असतो. फोटो बघून आपण ‘छान’ म्हणतो आणि पुढे सरकतो. मला मात्र आज त्या हील्सव्हिलपाशी जरा थांबायचं आहे.

मेलबर्नच्या पूर्वेला साधारण पासष्ट किलोमीटरवर, यारा नदीच्या खोऱ्यात, डोंगराच्या पायथ्याशी हे गाव आहे. गावाबाहेर बॅजर क्रीक नावाचा ओढा वाहतो आणि त्याच्या काठी एक प्राणिसंग्रहालय आहे; फोटोतला कांगारू तिथलाच. इथे सिंह नाही, हत्ती नाही, जिराफ नाही. इथे राहतात ते सगळे ऑस्ट्रेलियाचे स्वतःचे प्राणी. आवार लहान, उंच निलगिरीच्या झाडांखालून जाणाऱ्या पायवाटा, आणि अर्ध्या दिवसात आरामात फिरून होतं. नावाजलेली मोठी प्राणिसंग्रहालयं मी पाहिली आहेत. पण जिथे जगभरातले प्राणी एका रांगेत मांडून ठेवलेले असतात तिथून बाहेर पडताना माझ्या लक्षात फारसं काही राहत नाही. हील्सव्हिलला एका मुलखाची ओळख होते.

माझी नात तिकडच्या शाळेत जाते. आत शिरल्याबरोबर तिने मला वॉम्बॅटच्या कुंपणापाशी नेलं. वॉम्बॅट म्हणजे गुटगुटीत, आखूड पायांचा, जमिनीत बिळं करून राहणारा प्राणी. कांगारूसारखी पिल्लाची पिशवी याच्या मादीलाही असते, पण तिचं तोंड मागच्या बाजूला. बीळ खणताना उडणारी माती पिशवीत जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. नातीला दाखवायच्या होत्या त्याच्या लेंड्या, आणि त्या खरोखरच चौकोनी होत्या, फाशांसारख्या! आतड्याची भिंत सगळीकडे सारखी ताणली जात नाही, म्हणून त्यांना असे कोपरे येतात, असं शास्त्रज्ञांनी आता दाखवून दिलं आहे. सात वर्षांच्या मुलीला आपल्या परसातल्या प्राण्याची इतकी बारीक माहिती असावी, याचं मला फार कौतुक वाटलं.

कोआला झोपलेलेच असतात, त्यांच्यासाठी फार वेळ थांबू नये. वेळ द्यावा तो प्लॅटिपसला.

त्याला बघायला अंधाऱ्या दालनात जावं लागतं. डोळे सरावायला मिनिटभर लागतं. मग काचेपलीकडच्या पाण्यात बुडबुड्यांची एक रेघ वर येताना दिसते आणि तिच्या मागून तो येतो. मी मनात कुत्र्याएवढा प्राणी धरला होता, तो निघाला हातभर लांब. अंगावर दाट तपकिरी केस, बीव्हरसारखी चपटी शेपटी आणि पुढे बदकाची असावी तशी चोच. ही चोच टणक नसते, मऊ कातडीची असते. पाण्यात शिरला की तो डोळे, कान, नाक सगळं मिटून घेतो आणि चोच डावी-उजवीकडे हलवत तळ चाचपत जातो. पाण्यातला झिंगा किंवा किडा हलला की त्याच्या स्नायूंतून अगदी क्षीण वीज निघते. ती टिपणारी हजारो सूक्ष्म केंद्रं या चोचीत असतात. सापडलेलं भक्ष्य तो गालात भरून वर येतो आणि तिथे तरंगत चावतो. मोठ्या प्लॅटिपसला दात नसतात, टणक पट्ट्यांवर तो अन्न रगडतो. नराच्या मागच्या पायाला विषारी नखी असते. मादी अंडी घालते, आणि पिल्लांना दूधही पाजते. तिला स्तनाग्रं नाहीत, दूध कातडीतून पाझरतं आणि पिल्लं ते चाटून घेतात.

अठराव्या शतकाच्या अखेरीला याचं पहिलं कातडं इंग्लंडला पोचलं, तेव्हा कुणीतरी बदकाची चोच शिवून फसवणूक केली असावी, अशी शंका तिथल्या पंडितांना आली. हा प्राणी अंडी घालतो हे त्यांच्या विज्ञानाला पक्कं कळायला १८८४ साल उजाडलं.

या प्राण्याला माणसाच्या देखरेखीखाली जगवणं अतिशय कठीण. तो रोज रात्री अन्न खातो तेही स्वतःच्या वजनाच्या मानाने प्रचंड, आणि जरा धसका बसला तरी खंगतो. हील्सव्हिलचे संचालक म्हणून १९३७ मध्ये डेव्हिड फ्ले आले आणि त्यांनी हा ध्यास घेतला. प्लॅटिपसला काय हवं असतं? वाहतं पाणी, काठाची माती, आत शिरायला अरुंद बोगदा आणि शांतता. त्यांनी नेमकं तेच बांधून दिलं. तिथे जॅक आणि जिल अशी जोडी ठेवली. १९४३ मध्ये तिकडच्या वसंतात, म्हणजे ऑक्टोबरात, जिल मातीतल्या बिळात शिरली आणि आतून वाट बुजवून बसली. फ्ले यांनी घाई केली नाही. ती बाहेर येऊन किती खाते याच्यावर ते नजर ठेवून होते. तिची भूक वाढत गेली, तशी आत पिल्लू असावं ही त्यांची खात्री वाढत गेली. १९४४ च्या जानेवारीच्या सुरुवातीला त्यांनी अलगद माती उकरली, आणि आत गुबगुबीत पिल्लू सापडलं. माणसाच्या देखरेखीत जन्मलेलं जगातलं ते पहिलं प्लॅटिपसचं पिल्लू. त्याचं नाव ठेवलं कॉरी. त्यानंतर असा योग पुन्हा यायला अर्ध्या शतकाहून जास्त काळ गेला, आणि तो आला तोही हील्सव्हिललाच.

त्याच १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी ऑस्ट्रेलियाकडे प्लॅटिपस मागितले होते, तेही सहा. फ्ले यांनी सहाला ठाम नकार दिला. शेवटी एकच पाठवायचं ठरलं. बोटीवर त्याच्यासाठी बिळासकट पाण्याचं घर बांधून दिलं होतं, पण इंग्लंडचा किनारा काही दिवसांवर राहिला असताना ते बिचारं मेलं. पंतप्रधानांच्या हौसेपुढे उभं राहून ‘सहा नाही’ म्हणणाऱ्या त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आज या जागेचं मुख्य काम दाखवण्यापेक्षा वाचवण्याचं आहे. टास्मानिया बेटावर टास्मानियन डेव्हिल नावाचा काळा, भांडखोर प्राणी आहे. १९९६ पासून त्याच्या तोंडावर गाठी येणारा कर्करोग दिसू लागला. हा कर्करोग चावण्यातून एकाचा दुसऱ्याला लागतो, आणि डेव्हिल तर सदा एकमेकांना चावतच असतात. म्हणून निरोगी डेव्हिलांचा एक साठा मुख्य भूमीवर सांभाळला आहे, त्यातले काही इथे आहेत. हेल्मेटेड हनीईटर हा पिवळी शेंडी असलेला, तिथल्या व्हिक्टोरिया राज्याचा मानाचा पक्षी. रानात तो बोटांवर मोजण्याइतका उरला होता, त्याची वीण इथे करून पक्षी सोडले जातात. लेडबीटर्स पॉसम या राज्यप्राण्याला तर लोकांनी नामशेषच मानलं होतं. १९६१ मध्ये जवळच्याच मेरीसव्हिलच्या जंगलात तो जिवंत दिसला. फेब्रुवारी २००९ च्या वणव्यात हे सगळं खोरं धोक्यात आलं, राज्यभरात १७३ माणसं गेली. त्या वेळी आग जवळ येताना या दुर्मीळ प्राण्यांना गाड्यांत घालून मेलबर्नला हलवावं लागलं होतं.

आता एक गोष्ट, जी फोटोंत येत नाही.

ही जमीन कोरंडर्क नावाच्या आदिवासी वस्तीची. १८६३ मध्ये या मुलखाच्या मूळ रहिवासी कुलिन लोकांतली काही कुटुंबं त्यांचे पुढारी सायमन वोंगा आणि विल्यम बराक यांच्यासोबत डोंगर ओलांडून इथे आली आणि वसली. गोऱ्या वसाहतीने त्यांचा सगळा मुलूख घेतला होता. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी जंगल साफ केलं, घरं बांधली, हॉप्सच्या वेलांची शेती इतकी चांगली केली की त्या मालाला मेलबर्नच्या बाजारात उत्तम भाव मिळू लागला. शेती पिकायला लागली तशी शेजाऱ्यांची नजर जमिनीवर गेली. वस्ती बंद करण्याचे बेत सुरू झाले. बराक आपल्या लोकांना घेऊन पायी मेलबर्नला गेले, मंत्र्यांना भेटले, अर्ज लिहवून दिले. १८८१ मध्ये चौकशी नेमली गेली. पण १८८६ मध्ये कायदा आला आणि ज्यांच्या रक्तात गोऱ्यांचा अंश होता अशा पस्तिशीच्या आतल्या लोकांना वस्तीबाहेर काढलं. कामाची माणसं गेली, घरं फुटली. १९२४ मध्ये वस्ती बंद झाली.

या वस्तीसाठी राखलेल्या जमिनीतलेच अठ्ठ्याहत्तर एकर १९२० मध्ये डॉ. कॉलिन मॅकेन्झी यांना प्राण्यांच्या शरीररचनेच्या संशोधनासाठी मिळाले. मॅकेन्झी हाडांचे नामांकित डॉक्टर. ऑस्ट्रेलियाचे प्राणी नाहीसे होण्याआधी त्यांचा अभ्यास व्हावा, ही त्यांची तळमळ खरी होती, आणि तिच्यातूनच १९३४ मध्ये हे प्राणिसंग्रहालय उभं राहिलं. पण ज्या सरकारला नाहीशा होणाऱ्या प्राण्यांसाठी या ओढ्याकाठी जागा सापडली, त्याच सरकारला इथल्या माणसांसाठी ती सापडली नाही. मी त्या पायवाटांवरून फिरले ते हे ठाऊक असताना फिरले, आणि तुम्हीही हे ठाऊक ठेवूनच तिथे जावं असं मला वाटतं. कोरंडर्कचं दफनस्थान १९९१ मध्ये कुलिनांपैकी वुरुंजेरी लोकांना परत मिळालं, नंतर थोडी जमीनही.

हील्सव्हिल आपल्या मुलखाचे प्राणी आपल्या मुलांना दाखवतं. आता आपल्याकडचं बघा. आपल्या मुलांना झेब्रा आणि पेंग्विन ओळखता येतात. पण खवल्या मांजर, पिसोरी, उदमांजर, पाणमांजर? कोकणातल्या मुलालासुद्धा पिसोरीचं चित्र दाखवलं तर ते हरणाचं पाडस म्हणेल. गोव्यात बोंडला आहे, जेमतेम आठ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आणि त्यातच लहानसं प्राणिसंग्रहालय, तिथे गवा आणि सांबर बघायला मिळतात. असं ठिकाण सह्याद्रीच्या प्रत्येक घाटाच्या पायथ्याशी असावं, शाळांच्या सहली आधी तिथे जाव्यात. परदेशी प्राणी आणायला लागणाऱ्या पैशांत त्याच तालुक्यातल्या जखमी घुबडांचा आणि गाडीखाली सापडलेल्या उदमांजरांचा दवाखाना चालू शकेल. हील्सव्हिलला असा दवाखाना आहे, आणि काचेतून डॉक्टरांचं काम लोकांना बघता येतं. माझी नात तिथून हलायलाच तयार नव्हती. टेबलावर एक पोपट होता. त्याचा पंख पसरून डॉक्टर एकेक पीस वेगळं करून बघत होत्या.

तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर जून ते ऑगस्टमध्ये, तिकडच्या थंडीत जा. उन्हाळ्यात दुपारी प्राणी सावली धरून बसतात. दार सकाळी नऊला उघडतं, संध्याकाळी पाचला बंद होतं. शिकारी पक्ष्यांचा उड्डाणाचा कार्यक्रम असतो, त्यात काळ्या छातीचा बझर्ड चोचीत दगड धरून एमूच्या अंड्यावर आपटतो आणि अंडं फोडतो, तो चुकवू नका. शनिवार-रविवारी लहान मुलांना तिकीट पडत नाही, त्यामुळे गर्दी असते. प्लॅटिपसच्या दालनात अशा वेळी मागे उभं राहून काही दिसत नाही, तेव्हा आत शिरल्यावर पहिल्यांदा तिकडेच जा.