नाव आपलं, किल्ली कोणाकडे?

(युवा शिबिरातील भाषण)



आजचा विषय थोडा कोरडा आहे : संस्थेचं डोमेन नाव एका साइटवरून दुसऱ्या साइटकडे कसं वळवायचं. पण आपल्यासारख्या संस्थांकडे ना मोठं ऑफिस असतं, ना पगारी माणसं. असतं ते नाव. लोक त्या नावावर विश्वास ठेवून वाचतात. म्हणून हे काम दोघातिघांना तरी यायला हवं.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू. रजिस्ट्रारकडे आपण पैसे भरून नाव नोंदवतो. होस्टिंगवर लेख आणि फोटो ठेवलेले असतात. या दोघांना जोडते ती डीएनएस. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ही व्यवस्था मांडली. त्याआधी सगळ्या नावांची एकच यादी असायची आणि ती प्रत्येकाला उतरवून घ्यावी लागायची. आपल्या फोनमध्ये 'अम्मी' हे नाव तेच राहतं, सिम बदललं की फक्त नंबर बदलतो. डीएनएस तेच करते.

आता रेकॉर्ड्स. 'ए' रेकॉर्ड नावाला थेट सर्व्हरचा आकडी पत्ता देतो. 'सीनेम' एका नावाकडून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवतो. 'एमएक्स' सांगतो की ईमेल कुठे पोहोचवायची. साधारणपणे मूळ नावाला 'ए' आणि 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'ला 'सीनेम' लावतात. मूळ नावावर सीनेम चालत नाही, कारण सीनेमच्या शेजारी दुसरे रेकॉर्ड ठेवता येत नाहीत आणि मूळ नावावर काही रेकॉर्ड असावेच लागतात.

कामाचा क्रम असा ठेवा. सगळ्या रेकॉर्ड्सचा स्क्रीनशॉट काढा. टीटीएल, म्हणजे जुनं उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं तो आकडा, कमी करा. तो ८६४०० असेल तर ३०० करा आणि एक दिवस थांबा, कारण ८६४०० सेकंद म्हणजे पूर्ण २४ तास. दरम्यान नव्या होस्टिंगवर आपलं डोमेन जोडून घ्या. मग 'ए' आणि 'सीनेम' बदला. एमएक्सला हात लावू नका, नाहीतर साइट सुरू आणि ईमेल बंद, अशी गंमत होते. नेमसर्व्हरच बदलणार असाल तर सगळे रेकॉर्ड आधी नव्या जागी उतरवून घ्या. शेवटी सुरक्षा प्रमाणपत्र लागलंय का ते पाहा. जुनी साइट आठवडाभर तरी चालू ठेवा.

एक मर्यादाही सांगतो. डीएनएसला फक्त नाव कळतं, त्यापुढचा लेखाचा पत्ता कळत नाही. जुन्या लेखांच्या लिंका चालू राहायच्या असतील तर नव्या साइटवर ३०१ रिडायरेक्ट लावावे लागतात. ते केलं नाही तर लोकांनी वर्षानुवर्षे शेअर केलेले लेख एका रात्रीत गायब होतील.

आता खरा धोका. एखाद्या सेवेवरचं खातं आपण बंद केलं, पण तिकडे बोट दाखवणारा सीनेम तसाच राहिला, तर काही सेवांवर तिसराच माणूस ती जागा घेऊ शकतो. पत्ता आपला, मजकूर त्याचा. नूतनीकरण चुकलं तर पूर्ण नावच दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतं. आपल्या नावाखाली कोणी एक भडकाऊ पान टाकलं, तर ते आपलं नाही हे सिद्ध करेपर्यंत त्याचे स्क्रीनशॉट गावभर फिरलेले असतील. आपल्या समाजाला अशा खुलाशांची किंमत वेगळी सांगायला नको.

मी मदत केलेल्या एका छोट्या संस्थेचं डोमेन एका कार्यकर्त्याच्या खासगी ईमेलवर होतं. तो नोकरीसाठी आखातात गेला, नंबर बदलला. माणूस प्रामाणिक होता, तरी त्याला गाठण्यात तीन आठवडे गेले. प्रश्न विश्वासाचा नव्हता, व्यवस्थेचा होता. खजिन्याचा हिशेब आपण एकट्यावर सोडत नाही. मग नावाचा का सोडावा?

तेव्हा घरी गेल्यावर एवढं विचारा : डोमेन कोणाच्या नावावर आहे? मुदत कधी संपते? पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याचा ओटीपी कोणाकडे येतो? खातं संस्थेच्या ईमेलवर घ्या, किमान दोघांकडे प्रवेश ठेवा, त्यातली एक मुलगी असू द्या. आणि हे सगळं एका कागदावर लिहून सचिवांच्या फाइलमध्ये लावा.