ठोकळा धरणारीला दुकानात न्या

मुंबईच्या कांदिवलीत कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ साली 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. आमच्या गटांतल्या आयटीआयच्या मुली आम्हाला विचारतात, घरी विमान बांधायला अवजारं कोणती घ्यायची?

अमेरिकेत ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं विमान सुट्या भागांत विकत मिळतं. हौशी माणसं ते घरच्या शेडमध्ये जोडतात. जोड रिव्हेटचा. आपल्या कढईचे कान बघा, तसाच. फक्त विमानात अशी हजारो रिव्हेटं. एका बाजूने हवेवर चालणारी गन ठोकते, दुसऱ्या बाजूला कुणीतरी पोलादी ठोकळा टेकवून धरतं. मग तिकडचं टोक चेपून पसरतं. बहुतेक काम दोघांचं. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या कारखान्यांत बायका जोडीनेच हे करायच्या.

दुकानात मात्र सगळ्यांचं लक्ष गनवर. मोठी ती चांगली, हे आम्हाला पटत नाही. अशा विमानात बहुतेक रिव्हेटं ३/३२ आणि १/८ इंचांची. त्यांना २एक्स किंवा ३एक्स मापाची गन पुरते. फार जोराची घेतली तर पातळ पत्र्याला पोचे पडतात. खटका हलका दाबला की हळू ठोकेल अशी बघावी.

वाचलेला पैसा ठोकळ्यावर घाला. टंगस्टनचा महाग पडतो, पण तेवढ्याच पोलादाच्या जवळजवळ अडीच पट जड असतो. त्यामुळे छोटा तुकडा अडचणीच्या जागी शिरतो, मार पेलतो, मनगटाला हिसके कमी बसतात. आपल्याकडे गटाचं यंत्र घ्यायला बहुधा पुरुषमाणूस जातो आणि चालवते दुसरीच. इथे तसं नको. जिच्या हातात ठोकळा राहणार, तिने तो हातात तोलून बघावा.

पत्र्याच्या कडेला हाताने दाबायचा स्क्वीझर चालतो. तिथे एकटीचं भागतं. कानाला संरक्षण हवंच, गनचा आवाज फार.

मापाची पट्टी स्वस्त असते, ती विसरू नका. चेपलेलं डोकं रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं. म्हणजे १/८ इंचाच्या रिव्हेटला सुमारे पावणेपाच मिलिमीटर रुंदी. चुकलेलं रिव्हेट ड्रिलने काढावं लागतं आणि त्यात भोक मोठं होण्याची भीती. म्हणून आधी भंगार पत्र्यावर शंभरेक ठोकून बघायची, दोघींनी हात बदलून.