सव्यसाचीचा भाव



बेसबॉलवर बोलणार म्हटल्यावर पुढच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, ते मी पाहिलं. म्हणून सुरुवात आपल्या सुनील गावस्करांपासून करतो. 1981-82 च्या हंगामात बंगळूरला मुंबई विरुद्ध कर्नाटक असा रणजीचा उपांत्य सामना झाला. चेंडू हातभर वळत होता आणि रघुराम भट या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने मुंबईची दाणादाण उडवली होती. दुसऱ्या डावात गावस्कर भटसमोर चक्क डावखुरे होऊन उभे राहिले, बाकीच्यांसमोर पुन्हा उजवे. बाहेर जाणारा चेंडू त्यांनी आत येणारा करून घेतला, आणि नाबाद राहिले.

गावस्करांनी अडचणीत जे एकदा केलं, ते अमेरिकेत काही जण रोज करतात. त्यांना स्विच हिटर म्हणतात. केव्हिन पीटरसनच्या स्विच हिटशी गल्लत नको. तिथे गोलंदाज चेंडू टाकायला येत असताना फलंदाज बाजू बदलतो. इथे पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, हात बघून आधीच बाजू ठरवायची. आपल्याकडे या माणसाला महाभारतापासून नाव आहे, सव्यसाची. कारण मात्र शौर्याचं नाही, चेंडूच्या वळणाचं आहे. उजव्या पिचरचा स्लायडर नावाचा वळणारा चेंडू उजव्या फलंदाजापासून लांब पळतो आणि डाव्याच्या अंगावर येतो. म्हणून उजव्या पिचरसमोर डावीकडून, डाव्यासमोर उजवीकडून. शिवाय डावीकडे उभा राहणारा, धावून गाठायच्या पहिल्या बेसच्या जरा जवळ असतो. धावत सुटल्यावर तेवढं अंतरही पुरतं.

आता बाजाराकडे येऊ. मेजर लीग या अव्वल व्यावसायिक लीगचे 30 संघ दरवर्षी शाळा-कॉलेजातल्या मुलांना पाळीपाळीने निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात, आणि तो 1965 पासून चालू आहे. हल्ली जुलैत 20 फेऱ्या होतात. कुठल्या संघाकडे जायचं हे मुलगा ठरवत नाही. संघाचे स्काउट गावोगाव हिंडून मुलं पाहतात आणि 20 ते 80 च्या मोजपट्टीवर गुण देतात. 50 म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू. बैलबाजारात दात बघतात तसे हे लोक मनगटं, खांदे आणि पायांचा वेग बघतात. बापाची उंचीसुद्धा बघतात.

आणि इथेच सव्यसाची भल्याभल्यांना चकवतो. ‘दोन्ही हातांनी खेळतो’ हे वाक्य अहवालात आलं की वाचणाऱ्याच्या मनात दहा गुण आपोआप वाढतात. माझं म्हणणं असं की त्याची डावी आणि उजवी बाजू ही दोन वेगळी माणसं आहेत. त्यांना वेगवेगळे गुण द्यावेत, आणि त्यांची सरासरी तर मुळीच काढू नये. मेजर लीगमध्ये चारातल्या जवळजवळ तीन वेळा समोर उजवा पिचर असतो. म्हणजे डाव्या बाजूला वर्षभराचं काम आणि उजव्या बाजूला सणासुदीचं. त्यातून बहुतेक स्विच हिटर जन्माने उजवे. डावी बाजू लहानपणी बापाने किंवा कोचने घोटून घेतलेली. सगळा भार पडतो तो असा शिकलेल्या हातावर.

स्काउटची पंचाईत आणखी वेगळी. शाळेच्या सामन्यांत चांगले डावखुरे पिचर विरळाच. तो तीन दिवस उन्हात बसतो आणि तिन्ही दिवस उजवेच पिचर येतात. मुलाची उजवी बाजू त्याला दिसते ती सरावात, आणि सरावातला चेंडू मारण्यासाठीच टाकलेला असतो. शिवाय शाळा-कॉलेजात बॅट धातूची, व्यवसायात लाकडाची. धातूची बॅट पुष्कळ पापं झाकते. म्हणून कॉलेजच्या मुलांसाठी केप कॉडच्या उन्हाळी लीगला एवढं महत्त्व आहे, कारण तिथे लाकडी बॅट असते.

एक उपकथा सांगतो, उकडतंय म्हणून. पॅट व्हेंडिट हा दोन्ही हातांनी चेंडू टाकणारा पिचर. जून 2008 मध्ये त्याच्यासमोर राल्फ हेन्रिकेझ हा स्विच हिटर आला. पिचरने हातमोजा बदलला की हा बाजू बदलायचा, याने बाजू बदलली की तो पुन्हा मोजा बदलायचा. ‘पहले आप’चा हा खेळ अंपायरांना मध्ये पडून थांबवावा लागला. पुढे नियमच झाला की अशा वेळी आधी पिचरने हात जाहीर करायचा.

असो. आता चिपर जोन्स या स्विच हिटरकडे वळू. 1990 च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड अटलांटा ब्रेव्ह्जची होती. त्यांच्या मनात टॉड व्हॅन पॉपेल हा पिचर होता, पण त्याने आपण करार करणार नाही असं कळवलं. मग त्यांनी फ्लॉरिडातल्या बोल्स शाळेचा हा मुलगा घेतला. त्याचा बाप मिकी मँटल या जुन्या स्विच हिटरचा भक्त. मँटलसारखंच पोरानेही दोन्हीकडून मारावं म्हणून त्याने लहानपणापासून मागे लागून शिकवलं. कारकीर्द संपली तेव्हा जोन्सची सरासरी डावीकडून .303 आणि उजवीकडून .304 होती. तराजूची अशी समतोल पारडी दुर्मीळ. जोन्स बघून इतरांचा भाव ठरवू नये.

बॉल्टिमोरकडून खेळलेला सेड्रिक मलिन्स जन्माने डावखुरा, त्यामुळे त्याची शिकलेली बाजू उजवी. तिला काम कमी, म्हणून ती कच्ची राहिली. 2021 च्या हंगामाआधी त्याने ती सोडून दिली आणि डाव्या पिचरसमोरही डावीकडूनच उभा राहिला. त्या वर्षी 30 होमरन (मैदानापार फटके) मारणारा आणि 30 बेस चोरणारा तो त्या संघाच्या इतिहासातला पहिला खेळाडू ठरला. 2015 मध्ये तो 13 व्या फेरीत मिळाला होता. उलट एडी मरेला बॉल्टिमोरने 1973 मध्ये तिसऱ्या फेरीत घेतलं, तेव्हा तो निव्वळ उजवा होता. डावी बाजू तो नंतर खालच्या मायनर लीगमध्ये शिकला आणि कारकिर्दीत 504 होमरन मारून गेला. त्याच्या ड्राफ्टच्या अहवालात सव्यसाचीपणा असणार तरी कसा?

म्हणून माझा हिशेब सरळ आहे. पैसे एकाच बाजूचे मोजावेत, आणि ते जिला रोज राबायचं आहे तिचे. दुसरी बाजू चांगली निघाली तर वरकड समजावी. ती अगदीच लंगडी असेल तर पोर ती सोडायला तयार होईल का, हे त्याच्याशी बोलून आधीच चाचपावं. मलिन्सने ती सोडली. बरेच जण अभिमानापायी सोडत नाहीत.

आणि हा भाव किती फसवा, त्याचं ताजं उदाहरण: फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठाच्या कॅल रॅली या कॅचरला 2018 मध्ये सिअ‍ॅटलने तिसऱ्या फेरीत, 90 व्या क्रमांकावर घेतलं. तोही दोन्ही बाजूंनी खेळणारा, तोही कोच असलेल्या बापाच्या हाताखाली तयार झालेला. स्विच हिटरने एका हंगामात मारलेल्या होमरनचा विक्रम मँटलच्या नावावर 1961 पासून होता, 54 चा. 2025 मध्ये रॅलीने 60 मारले.