चपलेतील खूण आणि खोट

अथणी, निपाणी वा कोल्हापूर येथे हाताने घडविलेली चप्पल पाहताना गिऱ्हाइकाची दृष्टी प्रथम डागाकडे जाते. पट्ट्यावर बारीकसा ओरखडा असतो, तळाचा रंग एकसारखा नसतो. आणि तेवढ्यावरून कारागिराचे दाम कापले जाते. हा न्याय नव्हे. तळाचे म्हशीचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेले असते. जिवंतपणी जनावराला काटे बोचले, गोचिडी चिकटल्या, त्यांच्या खुणा त्यावर राहणारच. भरून आलेल्या जखमेने कातडे सहसा दुबळे होत नाही. रंगातील फरक तर तेलाने आणि वापराने पुष्कळसा मिटतो.

खरी खोट निराळ्या जागी असते. तळ हलकेच वाकवावा; वरच्या थराला भेगा पडल्या तर कातडेच बिघडलेले आहे. कापलेल्या कडेत मधोमध फिकी, कच्ची रेघ दिसली तर साल आतपर्यंत मुरलेली नाही. पारंपरिक चपलेत खिळा नसतो, थर चामड्याच्या वादीनेच शिवतात. तेव्हा सैल टाका क्षम्य नाही. सर्वांत बारकाईने पाहावेत ते कान. पट्ट्याचा सारा ताण त्यांच्यावर येतो, आणि ते पोटाकडच्या सैल कातड्याचे असतील तर चप्पल लवकरच पसरते. दाट रंगाचा लेप असला की संशय घ्यावा. त्याखाली पुष्कळ काही झाकता येते.

शेवटी दोन्ही चपला तळाला तळ लावून धराव्यात. वेणीचा एखादा पेड जाड असला तरी चालेल, लांबी मात्र सारखी हवी.