घरच्या संगणकावरचे डाकोटा

श्रोतेहो, गोष्ट रोवणीच्या दिवसांतली आहे. केशोरीला पावसाची झड लागली होती. बांधीतले काम आटोपून, पाय धुऊन मी ओसरीवर टेकतो न टेकतो तोच भाचा म्हणाला, "मामाजी, चला. आज तुम्हाला डाकोटाने नागपूरला नेतो."

गेलो. संगणकाच्या पडद्यावर रात्र होती. आमच्याच जिल्ह्यातली, गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी समोर दिसत होती. इंजिने धडधडली, विमान धावू लागले, आणि पाहता पाहता डावीकडे वळून सरळ गवतात घुसले! भाचा ओशाळला. मला मात्र त्या विमानाविषयी आदर वाटला. शेपटीखाली चाक असलेली जुनी विमाने वेग घेताना अशीच आडवी ओढत. वैमानिकाने पायांनी सुकाणू सांभाळले नाही, तर ती त्याचे काही ऐकत नसत.

आता हा काय प्रकार आहे, ते थोडक्यात सांगतो. बसल्या जागी उड्डाणाचा अनुभव देणाऱ्या साधनाला सिम्युलेटर म्हणतात. घरच्या संगणकावर तो एक कार्यक्रम असतो, आणि त्याला वरून आणखी विमाने जोडता येतात. या जोडविमानांत दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचा शौक फार मोठा आहे. स्पिटफायर, हरिकेन, मस्टँग, डाकोटा, जे म्हणाल ते मिळते.

पण ही कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे, बरे का. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा तरुण होता. त्याच्या वडिलांचा वाद्यांचा कारखाना. ऑर्गनमध्ये हवा भरणारे भाते त्याने एका लहानशा लाकडी विमानाखाली बसवले आणि १९२९ च्या सुमारास जमिनीवरच डोलणारे विमान तयार केले. प्रथम ते जत्रेतले खेळणे म्हणूनच खपले. पुढे १९३४ साली अमेरिकन लष्कराच्या विमानदलाकडे टपाल वाहण्याचे काम आले. रात्र, धुके, हिमवर्षाव, आणि केवळ उपकरणे पाहून उडण्याची सवय नाही! थोड्याच आठवड्यांत कित्येक वैमानिक प्राणांस मुकले. तेव्हा कुठे लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. महायुद्धात तर लाखो वैमानिक त्या यंत्रात बसून शिकले. खेळण्याचे शिक्षण झाले ते टपालापायी, हे ध्यानात ठेवा. कारण आपल्या नागपूरचा संबंध तिथेच येतो.

डाकोटाचे मूळ नाव डीसी-३. ते प्रथम उडाले १७ डिसेंबर १९३५ रोजी. युद्धात सैनिक आणि माल वाहण्यासाठी त्याची लष्करी आवृत्ती हजारोंनी बनवली गेली. युद्ध संपल्यावर यातली पुष्कळ विमाने मोडीच्या भावात विकली गेली आणि भारतातल्या कंपन्यांनी ती घेतली. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी आपले सैनिक श्रीनगरला उतरले, तेही डाकोटांतून. आणि जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची टपाल-विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री विमाने निघत. मध्यरात्रीच्या सुमारास चारी विमाने नागपूरला एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परत जात. युद्धासाठी जन्मलेले यंत्र खुशालीची पत्रे वाहू लागले, आणि तेही नागपूरच्या आकाशातून!

आता कोणी म्हणेल, हे सारे पुस्तकात वाचावे, पडद्यावर कशाला? माझे म्हणणे असे की, पुस्तक वाचून हाताला काही कळत नाही. डाकोटाचे इंजिन सुरू करायचे तर आधी एका जड चाकाला गती द्यायची आणि मग ती इंजिनाला जोडायची. पुष्कळ वेळ उभ्या राहिलेल्या इंजिनाच्या खालच्या नळकांड्यांत तेल उतरते, म्हणून त्याआधी पंखे हाताने फिरवून घ्यायचे. असली खटपट ज्या जोडविमानात उतरली, ते खरे. २०२२ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या सिम्युलेटरला चाळीस वर्षे झाली म्हणून काही जुनी विमाने दिली, त्यांत डीसी-३ होते. त्यात जुनी उपकरणे आणि आधुनिक उपकरणे अशी दोन्ही रूपे आहेत. माझा भाच्याला आग्रह असा की, जुनेच घे.

जुन्या यंत्राची चूकसुद्धा जपली पाहिजे. सुरुवातीच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांचे नाक एकदम खाली दाबले, तर इंजिन क्षणभर गुदमरत असे. बिआट्रिस शिलिंग या इंग्रज अभियंता बाईंनी १९४१ साली छिद्र असलेली एक छोटीशी चकती बसवून त्यावर तोड काढली. ते गुदमरणेच वगळले, तर त्या चकतीचे मोल कोणाला कळणार? चुका पुसून चकचकीत केलेले जुने विमान म्हणजे नुसती बाहुली.

अर्थात मर्यादाही ओळखावी. पडद्यावर गवतात घुसलेले विमान एक कळ दाबली की पुन्हा पट्टीवर उभे राहते. खऱ्या वैमानिकाला ती कळ नव्हती. घरच्या संगणकावरचे तास वैमानिकाच्या परवान्यासाठी धरले जात नाहीत, तेही याचसाठी. भाच्याला पायलट व्हायचे आहे, म्हणून हे त्याला मी वारंवार सांगतो. बिरसीची पट्टीही महायुद्धाच्याच काळातली. पुढे तिथे खरेखुरे वैमानिक शिकू लागले. ती वाट अभ्यासाची आहे, खर्चाची आहे.

असो. दुसऱ्या खेपेला भाच्याने पाय घट्ट रोवले आणि विमान उचलले. ताशी अडीचशे किलोमीटर म्हणजे आजच्या मानाने बंडीचीच चाल! पाऊणएक तासात नागपूरचे दिवे दिसले. सोनेगावच्या पट्टीवर दोन उड्या मारून विमान थांबले. मी विचारले, "थैल्या कुठे आहेत रे?" त्याने विमानाच्या आत फिरून दाखवले. आसने होती, खिडक्या होत्या. टपाल नव्हते.

यंत्र पुन्हा घडवणारे देशोदेशी पुष्कळ आहेत. पण नागपूरच्या त्या मध्यरात्री कोण जागत होते, थैल्या कोण उचलत होते, हे त्यांना कोण सांगणार? ते आपल्यालाच सांगावे लागेल, आणि सांगणारी माणसे आता फार थोडी उरली. श्रोतेहो, तुमच्या घरच्या जुन्या पेटीत १९४९ नंतरची पत्रे असतील, तर ती फेकू नका. त्यांवरचे शिक्के पाहा. मुंबईहून निघालेले पत्र किती दिवसांत पोहोचले, ते वहीत टिपून ठेवा. आमच्या पेटीत मला दोन पत्रे सापडली आहेत. भाचा त्यांच्या तारखा जुळवीत बसला आहे.